नऊ दिवसांच्या बाळाला ट्रीचर कॉलिन्स सिंड्रोम : आधी श्वास, मग दूध, मग ऐकणं, चेहरा सगळ्यात शेवटी

एका वडिलांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा : "आमची मुलगी आज नऊ दिवसांची आहे. दोन्ही कान जवळपास नाहीतच, नुसती कातडीची घडी आहे. हनुवटी खूप आत, डोळ्यांच्या बाहेरच्या कडा खाली उतरलेल्या, टाळूला मागे फट. डॉक्टर म्हणतात ट्रीचर कॉलिन्स सिंड्रोम असावा. प्लास्टिक सर्जरी लवकरात लवकर कधी करता येईल? मेंदूवर परिणाम असतो का? पुढचं मूलही असंच होईल का? घरातले म्हणतात, माझ्या बायकोने गरोदरपणी ग्रहणात भाजी चिरली म्हणून असं झालं. बाराव्या दिवशी बारसं आणि कान टोचायचं ठरलं होतं. सोनाराला नको म्हणून कळवलं, बारसंही पुढे ढकलतोय."

मी नवजात बाळांची डॉक्टर आहे. एका जिल्ह्याच्या गावी चोवीस वर्षं नवजात अतिदक्षता विभाग सांभाळते. हा सिंड्रोम, म्हणजे चेहऱ्याची हाडं आणि कान जन्मतःच नीट न बनण्याचा आजार, साधारण ५०,००० जन्मांमागे एका बाळात दिसतो, त्यामुळे पुष्कळ बालरोगतज्ज्ञांकडे अख्ख्या कारकिर्दीत असं एकही बाळ येत नाही. आसपासच्या तालुक्यांतून पाठवलेली धरून मी सहा सांभाळली आहेत. म्हणजे मी यातली मोठी जाणकार नव्हे. पण पहिल्या महिन्यात घरात काय चालतं आणि कुठे चुकतं, ते जवळून पाहिलं आहे. त्यातली एक चूक माझीच होती, ती पुढे सांगते.

तुमच्या प्रश्नात चेहरा आहे, मेंदू आहे, पुढचं मूल आहे, बारसं आहे. झोपेत तिचा श्वास कसा चालतो हे मात्र त्यात नाही, आणि जन्मापासून तिचं वजन किती घटलं की वाढलं हेही नाही. तुमचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. असं बाळ समोर आलं की सगळ्यांची नजर चेहऱ्याला चिकटते, आम्हा डॉक्टरांचीसुद्धा. आजाराचं नावदेखील नजरेवरूनच पडलंय : लंडनचे नेत्रतज्ज्ञ एडवर्ड ट्रीचर कॉलिन्स यांनी १९०० साली पापण्या आणि गालाच्या हाडांमधला हा दोष लिहून ठेवला. पण कामाचा क्रम नजरेच्या क्रमाच्या उलटा आहे. जे आधी दिसतं ते शेवटी दुरुस्त करायचं असतं.

बाळ मी तपासलेलं नाही, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा. एकाच घरातल्या दोघांमध्येही हा सिंड्रोम इतका वेगळा असतो की एकाला बघून दुसऱ्याबद्दल सांगता येत नाही. हनुवटी किती आत आहे, नाकाची मागची वाट मोकळी आहे का, फट केवढी आहे, यावर पुष्कळ काही ठरतं. तेव्हा हे वाचून तुमच्या डॉक्टरांना विचारायचे प्रश्न तयार करा. उपचार ते ठरवतील.

श्वासाचं असं आहे. खालचा जबडा लहान असला की जिभेला पुढे जागा उरत नाही, ती मागे सरकते. झोपेत स्नायू सैल पडले की घशाच्या वाटेवर बूच बसावं तशी बसते. त्यातून नवजात बाळ मुख्यतः नाकाने श्वास घेतं, आणि या मुलांपैकी काहींची नाकाची मागची वाट अरुंद किंवा साफ बंद असते. दोन्ही नाकपुड्यांतून बारीक नळी घशापर्यंत जाते का, हे जन्मल्यावर बहुधा पाहिलं असेल. पाहिलंय का ते आजच विचारा. दोन मिनिटांचं काम आहे.

माझं पहिलं असं बाळ मी शिकत असताना आलं. सकाळच्या राउंडला आम्ही सगळे त्याच्या कानांभोवती गोळा झालेलो, पुस्तकातलं चित्र जिवंत समोर! जागेपणी बाळ गुलाबी, ऑक्सिजनचा आकडा ९७-९८. रात्री ड्यूटीवरच्या सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, हा झोपला की घोरतो, आणि मधेच गप्प होतो." मी म्हटलं, नाक चोंदलं असेल. पहाटे चारला मॉनिटर ओरडला तेव्हा आकडा ६० च्या खाली होता. सिस्टरनीच त्याला पालथं केलं आणि श्वास सुटला. तेव्हापासून अशा बाळाच्या जागेपणीच्या आकड्यावर मी विसंबत नाही. गाढ झोपेतला आणि दूध पितानाचा, हे दोन आकडे मला हवे असतात. तेही पाच मिनिटांचे नाही, रात्रभराचे.

तुम्ही घरी काय बघायचं? गाढ झोपेत बरगड्यांखालची जागा आत ओढली जाते का. घोरण्याचा आवाज मधेच बंद होतो आणि छाती मात्र हलत राहते का. ही शांतता फसवी असते. हवा जात नसते म्हणून आवाज येत नसतो. ओठांवर निळसर झाक येते का, दूध पिताना कपाळावर घाम येतो का. यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता नवजात विभाग असलेल्या रुग्णालयात न्या. काही दिसत नसलं तरी एक पूर्ण रात्र मॉनिटरवर काढून घ्या, असा माझा आग्रह राहील.

अडथळा निघालाच तर उपाय पायरीपायरीने चढत जातात. पहिला, बाळाला पालथं किंवा कुशीवर ठेवणं. जीभ आपल्या वजनानेच पुढे येते. एरवी तान्ह्या बाळाला पालथं झोपवू नका म्हणून आम्हीच कानीकपाळी ओरडत असतो. तेव्हा हा अपवाद डॉक्टरांनी सांगितला तरच, आणि मॉनिटर लावून. त्याने भागलं नाही तर नाकातून घशापर्यंत मऊ नळी ठेवतात. ती सांभाळायला आईवडील आठवड्याभरात शिकतात. त्यापुढे जबड्याचं हाड कापून रोज साधारण १ मिलिमीटर पुढे सरकवत नेण्याची शस्त्रक्रिया आहे. आणि अडथळा एकाच जागी नसेल तर ट्रॅकिओस्टॉमी, म्हणजे मानेतून थेट श्वासनलिकेत नळी. हा शब्द ऐकला की घर हादरतं. माझ्या सहांपैकी दोघांना ती करावी लागली. एकाची नळी तीन वर्षांनी निघाली, दुसऱ्याची सातव्या वर्षी. दोघंही त्या नळीसकट घरभर रांगले.

आता दूध. टाळूला फट असली की तोंडात ओढ तयार होत नाही. बाळ छातीला लागतं, तोंड हलवतं, दमतं आणि झोपतं. आईला वाटतं पोट भरलं, आजीला वाटतं सुनेला दूधच नाही. दोघींचंही चुकतं. दूध असतं, पण बाळाला ओढता येत नाही. ते पिळून काढायचं आणि बाळाला बसतं धरून द्यायचं. दाबली की धार येते अशी मऊ बाटली मिळाली तर उत्तम. नाहीतर आपलं बोंडलं आहेच, दक्षिणेत पलाडाई म्हणतात ते तसंच असतं. फक्त बोंडल्याचं टोक गालाच्या आतल्या बाजूला टेकवा, थेंब थेंब सोडा, तिने गिळलं की पुढचा. घशात ओतायचं नाही. थोडं दूध नाकातून बाहेर येईल, त्याला घाबरू नका. एका वेळचं पाजणं अर्ध्या तासाच्या आत आटपत नसेल तर बाळ कमावतंय त्यापेक्षा जास्त खर्च करतंय. मग काही दिवस नाकातून पोटात नळी घालून दूध देणं बरं. त्यात आईचा कसलाही पराभव नाही. गुटी, मध, चाटण यांतलं काहीही नको. या टाळूला ते श्वासनलिकेत जायला वेळ लागत नाही.

वजन एकाच काट्यावर करा. पहिल्या आठवड्यात थोडी घट सगळ्याच बाळांची होते, पण चौदाव्या दिवसापर्यंत जन्मवजन परत आलेलं असावं आणि पुढे रोज २० ते ३० ग्रॅम भर पडावी. दूध पोटात पुरेसं जातंय, आणि तरीही वजन हलत नाही, असं झालं तर मी परत श्वासाकडे वळते. झोपेत श्वासासाठी झगडणारं बाळ प्यायलेलं दूध त्या झगड्यातच जाळून टाकतं.

तर या आठवड्याची कामं एवढीच : नाकाच्या वाटा तपासणं, झोपेतली एक रात्र मॉनिटरवर, दूध देण्याची पद्धत ठरवणं आणि वजनाची वही. प्लास्टिक सर्जनची भेट यात नाही.

कानांबद्दल मात्र मी लांबण लावणार आहे, कारण श्वास आणि दूध मार्गी लागल्यावर या मुलांचं सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं, आणि ते टाळता येतं.

बाहेरचा कान, कानाची नळी आणि आतली तीन चिमुकली हाडं, ही सगळी आवाज पोचवणारी मंडळी. खरं ऐकण्याचं काम त्याच्याही आत, शंखासारख्या वळणाच्या अवयवात होतं. ट्रीचर कॉलिन्समध्ये पोचवणारी मंडळी बिघडलेली असतात आणि तो आतला शंख बहुतेक वेळा धडधाकट असतो. घर शाबूत आहे, दार भिंतीने बंद झालंय, असं समजा. आवाज त्या भिंतीतून, म्हणजे कवटीच्या हाडातून कंपनाने आत नेला तर तो नीट ऐकू येतो. सगळी मदार यावरच आहे.

दोन्ही कानांच्या नळ्या बंद असतील तर ऐकण्यातली घट बहुधा ५० ते ७० डेसिबलच्या घरात असते. आपलं नेहमीचं बोलणं साधारण ६० डेसिबलचं. म्हणजे तुम्ही पाळण्याशेजारी बसून बोलाल ते तिच्यापर्यंत जेमतेम पोचेल, किंवा पोचणारच नाही. दार आपटलं तर मात्र ती दचकेल. मग घरात सगळे खूश होतात, "ऐकू येतंय हो तिला!" या दचकण्यावर विश्वास ठेवू नका. भाषा दार आपटण्यातून शिकता येत नाही.

नवजात बाळांची नेहमीची तपासणी, ज्यात कानात छोटं बूच घालून यंत्राने प्रतिसाद बघतात, ती इथे निरुपयोगी आहे. बूच घालायला नळीच नाही. तुम्हाला हवी ती बेरा तपासणी, म्हणजे आवाज दिल्यावर ऐकण्याच्या नसेतून मेंदूकडे जाणारे संकेत डोक्याला चिकटवलेल्या तारांनी मोजणं, आणि तीही हाडावाटे आवाज देऊन केलेली. हे शब्द असेच्या असे सांगा : "हाडावाटे बेरा". नुसती बेरा लिहून दिली तर कधी कधी फक्त हवेवाटे करतात, घट आहे एवढंच कळतं आणि आतला कान चांगला आहे का, हा खरा प्रश्न तसाच राहतो. ऐकण्याच्या बाबतीत जगभर एक वेळापत्रक पाळतात : पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्याच्या आत यंत्र. तिच्याबाबतीत चाचणीचा निकाल तुम्हाला डोळ्यांनी दिसतोच आहे, तेव्हा सरळ निदानाकडे जा.

यंत्र म्हणजे काय? कपाळाभोवती बसणारा एक मऊ ताणाचा पट्टा आणि त्यावर कानामागच्या हाडाला टेकणारं, थरथरणारं छोटं यंत्र. टाका नाही, भूल नाही. दोन-तीन महिन्यांच्या बाळालाही लावतात. हाडात बसवायचं रोपण कवटी पुरेशी जाड झाल्यावर, साधारण पाच वर्षांनंतर. तोवर पट्टा. जागी असेल तेवढा सगळा वेळ.

हे इतकं ठासून का सांगते? साडेतीन वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे आला होता. अंगणवाडीत त्याच्या नावापुढे "मंद" लिहिलेलं. त्याच्या आईवडिलांना कुणीतरी सांगितलं होतं, दहाव्या वर्षी कान बसवतील. त्यांनी सरळ हिशोब केला : कान बसला की ऐकू येईल, तोवर थांबायचं. हिशोबात वेडेपणा काहीच नव्हता, कुणी नीट समजावलंच नव्हतं. बरगडीच्या कूर्चेचा बनवलेला कान दिसायला असतो. त्याने ऐकण्यात काडीचाही फरक पडत नाही. त्या मुलाला पट्टा लावला तेव्हा त्याने आधी वाकून स्वतःच्या पायांकडे बघितलं. चपला फरशीवर वाजत होत्या, ते त्याला पहिल्यांदा कळलं होतं. पुढे तो बोलायला लागला, शाळेत गेला, हिशोबात तर हुशार निघाला. पण आज सातवीत असतानाही बोलताना शब्द शोधतो. त्याची पहिली साडेतीन वर्षं कुठल्याही यंत्राने परत आणता आली नाहीत.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आलं. ट्रीचर कॉलिन्समध्ये बुद्धी सहसा सर्वसाधारण असते. मूल मागे पडतं ते बहुतेक वेळा ऐकू न आल्यामुळे, किंवा झोपेत ऑक्सिजन कमी पडत राहिल्यामुळे. दोन्ही आपल्या हातातल्या गोष्टी आहेत.

एक इशारा मात्र देते. असा चेहरा दिसला की सगळं ट्रीचर कॉलिन्सच असतं असं नाही. मी अशा बाळाचे आधी अंगठे बघते आणि डोक्याचा घेर मोजते. अंगठे लहान किंवा नसलेलेच असतील तर नागेर सिंड्रोमचा विचार करावा लागतो. डोकं वयाच्या मानाने लहान असेल तर चेहरा असाच दिसणारा, पण वाढीवर परिणाम करणारा वेगळा आजार असू शकतो. दोष एकाच बाजूला जास्त असेल तर गोल्डनहार सिंड्रोमचा. तुम्ही दोन्ही बाजू सारख्या असल्याचं लिहिता, ते ट्रीचर कॉलिन्सशी जुळतं. अंगठे आणि डोक्याचा घेर याबद्दल विचारून घ्या.

डोळ्यांचं थोडक्यात. खालच्या पापणीला बाहेरच्या बाजूला खाच असते, तिथून आतल्या बाजूला पापणीचे केस नसतात. झोपेत डोळा पूर्ण मिटत नसेल तर बुबुळ कोरडं पडतं. रात्री मलम लागतं. पहिल्याच महिन्यात नेत्रतज्ज्ञांना दाखवा आणि पुढे चष्म्याच्या नंबरासाठी दर वर्षी. नाकाचा पूल आणि कान दोन्ही नसताना चष्मा कुठे टेकवायचा ही गंमतीची वाटणारी अडचण खरी आहे, पण त्याला ताणाचे पट्टे मिळतात.

आता प्लास्टिक सर्जरी, तुमचा पहिला प्रश्न. टाळूची फट शिवणं साधारण ९ ते १२ महिन्यांचं झाल्यावर. श्वासाची तक्रार असेल तर जरा पुढे, कारण टाळू बंद केल्यावर हवेची वाट आणखी अरुंद होते. डोळा उघडा राहत असेल तर पापणीचं काम त्याआधीही. गालाची हाडं पाच-सात वर्षांनंतर, कारण त्याआधी चेहऱ्याची हाडं झपाट्याने वाढत असतात आणि बसवलेलं हाड विरघळतं. कान आठ-दहाव्या वर्षी, बरगडीत पुरेशी कूर्चा तयार झाल्यावर. जबड्याचं शेवटचं काम वाढ थांबल्यावर, पंधरा-सोळाच्या पुढे. यातल्या प्रत्येक वयाच्या पुढेमागे सर्जनचं स्वतःचं मत असतं, आणि प्रत्येक मूल सगळ्या शस्त्रक्रिया करून घेतंच असं नाही. माझ्या सहांपैकी सगळ्यात मोठी मुलगी आता कॉलेजात आहे. कानांची शस्त्रक्रिया तिने स्वतः नाकारली, केस मोकळे सोडते आणि यंत्र दिसू देते. असे निर्णय घ्यायला तुमच्या मुलीला पुढे भरपूर वेळ आहे. आज तुम्ही तिच्या वतीने ते घ्यायची गरज नाही.

एक गोष्ट मात्र लगेच करा. तिच्या फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून घ्या : "श्वासनलिकेत नळी घालणं अवघड". लहान जबड्यामुळे भूल देताना नळी घालणं कठीण जातं, आणि या सिंड्रोममध्ये वय वाढेल तसं ते आणखी कठीण होऊ शकतं. हर्नियासारखं साधं ऑपरेशन असलं तरी भूलतज्ज्ञांना आधी भेटा, आणि मुलांच्या अवघड श्वासमार्गाची सामग्री आहे अशाच ठिकाणी करा. कानाचा सीटी स्कॅन आत्ता कुणी सुचवला तर का, असं नम्रपणे विचारा. पाच वर्षांपर्यंत त्यावर सहसा कोणताच निर्णय अवलंबून नसतो, किरणं मात्र आजच लागतात. नाकाची मागची वाट बंद असल्याचा संशय असेल तर गोष्ट वेगळी.

ग्रहणाकडे येते. तुमच्या पत्नीला बाळंतपणाच्या नवव्या दिवशी हे ऐकावं लागतंय, म्हणून या परिच्छेदाची छापील प्रत घरात वाचून दाखवली तरी चालेल. चेहऱ्याची हाडं आणि कान ज्या पेशींपासून बनतात त्या गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या आठवड्यांत भराभर वाढून आपापल्या जागी पोचतात. भराभर वाढायला पेशीला प्रथिनं बनवणारी यंत्रसामग्री मुबलक लागते. ती तयार करण्यात हातभार लावणारा टीसीओएफ१ नावाचा जनुक आहे, तो १९९६ मध्ये सापडला. त्याच्या दोन प्रतींपैकी एक नादुरुस्त असली की या पेशींना सामग्री कमी पडते आणि त्यातल्या बऱ्याच मरतात. मग गाल, जबडा, कान यांना माल पुरत नाही. थोड्या रुग्णांत त्याच कामातले दुसरे जनुक बिघडलेले असतात. ही नादुरुस्ती जवळपास नेहमीच बीजात, म्हणजे गर्भ राहण्याआधीच झालेली असते. ग्रहण आणि भाजी दोन्ही त्यानंतरची. त्याच ग्रहणात देशभर किती गरोदर बायकांनी भाज्या चिरल्या असतील!

साधारण साठ टक्के बाळांत ही नादुरुस्ती नव्यानेच उद्भवलेली असते, आईवडील दोघांतही नसते. उरलेल्यांत बहुतेक वेळा एका पालकाकडून आलेली असते, आणि गंमत अशी की त्या पालकाला ती माहीतही नसते. एका घरात सासूबाई सुनेला दोष देत होत्या, मी त्यांच्या मुलाकडे बघत होते. डोळ्यांच्या कडा किंचित उतरलेल्या, गाल सपाट, खालच्या पापणीचे केस विरळ. मी शाळेतला फोटो मागवला, मग तपासणी केली. नादुरुस्ती वडिलांचीच निघाली. सासूबाई गप्प झाल्या खऱ्या, पण मला समाधान वाटलं नाही, कारण बोट फक्त सुनेवरून मुलाकडे वळलं होतं. आपले डोळे कुणी निवडून घेत नाही. तुम्ही दोघं आरशात बघाल हे मला ठाऊक आहे, बघा. पण निष्कर्ष जनुकतज्ज्ञांना काढू द्या.

पुढच्या मुलाचं उत्तर यावरच आहे. आधी बाळाची जनुक तपासणी, मग सापडलेली नादुरुस्ती तुम्हा दोघांत आहे का ते. दोघांतही नसेल तर पुन्हा होण्याची शक्यता अगदी थोडी, पण शून्य नाही, कारण क्वचित ती फक्त बीजपेशींपुरती लपलेली असते. एकाकडे असेल तर प्रत्येक गरोदरपणात पन्नास टक्के, आणि पुढचं मूल सौम्य असेल की तीव्र, हे कुणीच सांगू शकत नाही. क्वचित एका प्रकारात दोन्ही पालक वाहक असतात, तिथे पंचवीस टक्के. तुमचं लग्न मामे-आत्ये नात्यातलं असेल तर ते जरूर सांगा, त्या प्रकाराचा विचार होईल. पण बहुतांश ट्रीचर कॉलिन्सचा नात्यातल्या लग्नाशी संबंध नसतो. नादुरुस्ती नेमकी कळली असेल तर पुढच्या खेपेला ११ ते १३ आठवड्यांत वारेचा नमुना घेऊन तपासता येतं. रक्ताचा नमुना मात्र आत्ताच देऊन ठेवा. पुढचा विचार तुम्ही चार वर्षांनी कराल, पण अहवाल हाताशी असलेला बरा.

पैशांचं मी फार सांगू शकत नाही, घराघरावर आहे. एवढं नक्की : २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात टाळूची फट आणि जन्मजात बहिरेपणा दोन्ही बसतात. जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात नाव नोंदवा. फटीची शस्त्रक्रिया स्माइल ट्रेन या सेवाभावी संस्थेशी जोडलेल्या रुग्णालयांत मोफत होते. ऐकण्याच्या तपासणीसाठी आणि यंत्रासाठी मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे. मोठ्या शहरात जाल तेव्हा असं ठिकाण निवडा जिथे कान-नाक-घसा, प्लास्टिक सर्जन, भूलतज्ज्ञ आणि वाचातज्ज्ञ एकत्र बसून मूल बघतात. वेगवेगळ्या चार ठिकाणी चार फाइली झाल्या की प्रत्येकजण आपल्यापुरतं बघतो.

राहिलं बारसं. श्वासाची रात्र नीट गेली असेल आणि बाळ घरी असेल तर पुढे ढकलू नका. माणसं मोजकी बोलवा, सर्दी-खोकला असलेल्यांना नको. रुग्णालयात असेल तर विभागातल्या सिस्टरना विचारा. आमच्याकडे पाळण्याऐवजी वॉर्मरला, म्हणजे बाळाला ऊब देणाऱ्या यंत्राला, फुलांची माळ लावून दोन बारशी झाली आहेत. सोनाराला नाही म्हणालात ते ठीक, त्या कातडीच्या घडीला टोचू नका. पुढे कान बनवताना तीच कातडी लागते.

आणि कानात नाव सांगायला येणाऱ्या आत्याला माझा निरोप द्या. कानाशी तोंड नेऊन कुजबुजली तर बाळाला काही कळणार नाही. ओठ बाळाच्या कपाळाच्या हाडाला टेकवायचे आणि नेहमीच्या मोकळ्या आवाजात कुर्रर्र करून नाव घ्यायचं. हाडातून ते थोडंफार आत पोचू शकतं. फक्त मागे उभ्या असलेल्या बायकांना आधीच सांगून ठेवा, आत्याच्या पाठीत धपाटे या वेळी जरा बेताने घाला म्हणावं.